चौकापासून ७० मीटरवरचा दुभाजकातला कट: बुजवावा की ठेवावा?

चौकोनी (धागाकर्ता)

सिग्नलचा, चार रस्त्यांचा चौक. वाहतूक डाव्या बाजूने. मुख्य रस्त्याला दोन्ही दिशांना दोन-दोन लेन, वेगमर्यादा ताशी ५० किमी. संध्याकाळच्या गर्दीच्या तासात वादातल्या बाजूने सरळ जाणाऱ्या ९०० गाड्या चौकाकडे येतात, जवळपास तेवढ्याच चौकातून बाहेर पडतात. सिग्नलचं आवर्तन (सगळ्या बाजूंना एकेकदा हिरवा मिळून पुन्हा पहिल्यापासून सुरू होईपर्यंतचा वेळ) १२० सेकंदांचं, त्यात सरळ जाणाऱ्यांना ४५ सेकंद हिरवा. चौकात उजवीकडे वळणाऱ्यांसाठी ४५ मीटरची वेगळी लेन आणि वेगळा फेज (आवर्तनातला स्वतंत्र हिरव्याचा टप्पा) आहे.

अडचण अशी. चौकाकडे येणाऱ्या बाजूला पेट्रोल पंप आहे. त्याचं एक तोंड स्टॉप लाइनपासून ३५ मीटरवर, दुसरं ६५ मीटरवर. समोरच्या बाजूला दुकानांची रांग. ७० मीटरवर दुभाजकात कट आहे आणि गर्दीच्या तासात त्यातून ६० गाड्या उजवीकडे वळतात: ३५ चौकातून बाहेर पडताना पंपाकडे, २५ चौकाकडे येताना दुकानांकडे. पंपातून निघून याच कटातून पलीकडे घुसणाऱ्या गाड्या वेगळ्या.

प्रस्ताव आहे की दुभाजक २०० मीटरपर्यंत सलग करायचा आणि तिथे यू-टर्न द्यायचा. दुकानदार म्हणतात धंदा बसेल, वाहतूकवाले म्हणतात चौक तुंबतोय. दोन्ही बाजू ठाम आहेत आणि दोघांकडेही हिशोब नाही. हा हिशोब मांडायचा कसा? मधला मार्ग निघतो का? आणि धंद्यावरचा परिणाम मोजायचा तर नेमकं काय मोजायचं?

पिवळा दिवा

आधी रांग मोजू, कारण कट चांगला की वाईट हे रांग कुठवर जाते त्यावर ठरतं.

९०० गाड्या दोन लेनमध्ये म्हणजे लेनला तासाला ४५०, सेकंदाला ०.१२५. लाल (पिवळा धरून) ७५ सेकंद. लाल संपताना लेनमध्ये सरासरी ९ गाड्या उभ्या. हिरवा लागला की पुढून सेकंदाला अर्धी गाडी सुटते (संपृक्त प्रवाह, म्हणजे रांग सलग सुटत असतानाचा प्रवाह, लेनला तासाला १८०० धरला), पण मागून भर पडतच असते. त्यामुळे रांगेचं शेपूट साधारण साडेबारा गाड्यांपर्यंत मागे सरकतं. उभ्या गाडीला पुढच्या फटीसकट ७ मीटर धरले तर ८७ मीटर. ही झाली सरासरी. वाईट आवर्तनांत १८ गाड्या, म्हणजे १२६ मीटर, सहज होतात. तुमचा कट ७० मीटरवर आहे, म्हणजे जवळजवळ प्रत्येक आवर्तनात काही काळ तो रांगेच्या पोटात असतो.

आता कटात काय होतं ते दिशेनुसार वेगवेगळं बघा. दोन्ही उजवी वळणं एकाच मापाने मोजली जातात, आणि तिथेच गल्लत होते.

चौकातून बाहेर पडून पंपाकडे वळणाऱ्या ३५ गाड्यांना समोरची, चौकाकडे येणारी रांग ओलांडायची आहे. कागदावर ९०० च्या प्रवाहातून असं वळण घ्यायला ४.१ सेकंदांची फट पुरते आणि तासाला साडेसातशेच्या वर गाड्या वळू शकतात. प्रत्यक्षात समोर उभी रांग असते. फट नसतेच, कुणी जागा सोडली तरच वळता येतं. तोवर ही गाडी आतल्या लेनमध्ये उभी. तिच्या मागे चौकापर्यंत ७० मीटर, म्हणजे १० गाड्यांची जागा. आतल्या लेनमधून सेकंदाला अर्धी गाडी चौक सोडत असेल तर २० सेकंदांत ती जागा भरते आणि अकरावी गाडी चौकाच्या मधोमध अडकते. मग आडव्या रस्त्याला हिरवा मिळूनही उपयोग नाही. एका वळणाऱ्या गाडीने चारही बाजू तुंबतात त्या अशा.

चौकाकडे येताना दुकानांकडे वळणाऱ्या २५ गाड्यांचा त्रास निराळा. त्या चौक अडवत नाहीत, आतल्या लेनचा पुरवठा तोडतात. त्या थांबल्या की पुढची लेन रिकामी होते, हिरवा वाया जातो. दोन लेनची क्षमता १८०० × ४५/१२० × २ = १३५०. या थांबण्यामुळे आतल्या लेनचा निम्मा हिरवा बुडतो असं धरलं तर उरतात १०१३. मागणी ९०० च, पण भार (मागणी भागिले क्षमता) ६७ टक्क्यांवरून ८९ टक्क्यांवर जातो. नेहमीच्या विलंब-सूत्रात घातलं तर गाडीमागे सरासरी विलंब ३४ वरून ४७ सेकंद होतो. आतली लेन पूर्णच गेली तर क्षमता ६७५, आणि मग रांग तासभर वाढतच राहते.

पंपातून निघून कटातून पलीकडे जाणं हे तिघांत सर्वांत वाईट. चार लेनचा रस्ता एका दमात ओलांडायला ७.५ सेकंदांची फट लागते. दोन्ही दिशांचा मिळून १८०० चा प्रवाह असेल तर तासाला जेमतेम ५० गाड्या निघतात, आणि अधीर झालेला चालक ४ सेकंदांत घुसतो. याउलट नुसतं डावीकडे बाहेर पडायला जवळच्या लेनचा ४५० चाच प्रवाह बघायचा असतो, तिथे साडेपाचशेच्या वर निघतात. (ही सूत्रं गाड्या विखरून येतात असं मानतात. वर सिग्नल असेल तर गाड्या झुंडीने येतात, मध्ये मोठ्या फटी मिळतात. म्हणून आकडे क्रम लावण्यापुरते घ्या, शेवटचा शब्द म्हणून नको.)

अपघाताच्या दृष्टीनेही क्रम तोच. पूर्ण मोकळ्या तिठ्यावर वाहनांच्या मार्गांचे ९ संघर्षबिंदू असतात, त्यांतले ३ एकमेकांना छेदणारे. फक्त डावीकडून आत, डावीकडे बाहेर केलं की उरतात २, एक फुटण्याचा आणि एक मिसळण्याचा. छेदणारा एकही नाही.

२०० मीटरचा आकडाही हवेतून आलेला नाही. चालकाला समजून घ्यायला दीड सेकंद (२१ मीटर), ५० च्या वेगातून आरामात थांबायला ४८ मीटर, आणि वाईट आवर्तनातली रांग १२६ मीटर. बेरीज १९५. पण हा संपूर्ण बंदीचा आकडा आहे. सगळ्या हालचाली तिथवर बंद कराव्या लागतात असं त्यातून निघत नाही.

गल्लाबोळ

वरचा हिशोब पटतो, पण तो एकाच बाजूचा आहे. कट बुजवला की त्या ६० गाड्या हवेत विरत नाहीत. त्या कुठे जातात ते बघू.

पंपाकडे जाणाऱ्या ३५ गाड्या सरळ पुढे २०० मीटरपर्यंत जाऊन यू-टर्न घेऊन परत येतील. जादा अंतर १३० मीटर जाऊन-येऊन, म्हणजे २६०. ताशी ३० ने ३१ सेकंद, वर यू-टर्नला १५ सेकंद थांबणं: ४६. दुकानांकडे जाणाऱ्या २५ गाड्यांना मात्र त्या यू-टर्नचा काहीच उपयोग नाही, त्या उलट दिशेने येताहेत! त्यांना चौकातच यू-टर्न घ्यावा लागेल. म्हणजे १४० मीटरला १७ सेकंद आणि सिग्नलवर सुमारे ५०: ६७ सेकंद. शिवाय या २५ गाड्या तुमच्या ४५ मीटरच्या उजव्या लेनमध्ये शिरल्या. तिथे ६ गाड्या मावतात. आधीच ५ येत असतील तर आवर्तनामागे सरासरी एका गाडीची भर म्हणजे लेन काठोकाठ भरणार, वाईट आवर्तनात ओसंडणार, आणि ओसंडलेली गाडी पुन्हा आतल्या सरळ लेनमध्येच उभी राहणार. जे टाळायला कट बुजवला तेच ७० ऐवजी ४५ मीटरवर. प्रस्तावात उजव्या फेजचा हिरवा वाढवलाय का ते आधी विचारा. यू-टर्नची गाडी साध्या उजव्या वळणापेक्षा सावकाश निघते, तेही धरा.

आता तराजू. गर्दीच्या तासात ग्राहकांचा तोटा ३५ × ४६ अधिक २५ × ६७ म्हणजे सुमारे ३३०० गाडी-सेकंद. सरळ जाणाऱ्यांचा फायदा ९०० × १३ म्हणजे ११,७००. इथे कट हरला, वाद नाही. बसमध्ये चाळीस माणसं असतात हे धरून माणसांमागे हिशोब केला तर आणखीच हरतो. पण दुपारी सरळ गाड्या ३५० असतील, रांग कटापर्यंत पोचतच नसेल, तर कट बुजवून गाडीमागे दोन सेकंद वाचले तरी खूप झालं: ७००. आणि ४० ग्राहकांना प्रत्येकी ५० सेकंदांचा फेरा म्हणजे २०००. तिथे कट जिंकला. दुभाजक मात्र चोवीस तास उभा असतो. एका तासाच्या आकड्यांवर चोवीस तासांचा निर्णय घेतला जातोय, आणि दुकानदारांच्या तक्रारीतला खरा भाग तोच आहे, तो त्यांना मांडता येत नसला तरी.

धंद्याचं म्हणाल तर सगळी दुकानं एका मापाची नसतात. पंप, चहा-नाश्ता, औषधं, पाव-दूध यांचा बराच ग्राहक ‘जाता जाता’ थांबणारा असतो. त्याला वळसा नको, तो पुढच्या पंपावर जातो. फर्निचर, दवाखाना, गॅरेज, वकील यांच्याकडे माणूस ठरवून येतो, पन्नास सेकंदांसाठी परत जात नाही. म्हणून प्रत्येक दुकानाला दोन गोष्टी विचारा: ग्राहक ठरवून येतो की जाता जाता, आणि कुठल्या दिशेने येतो. कट बुजवल्यावर फक्त ‘जाता जाता’ आणि ‘पलीकडच्या दिशेने’ या दोन्हींत बसणारा ग्राहक धोक्यात असतो. जवळच्या दिशेने येणाऱ्याला काहीच फरक पडत नाही, उलट रांग लहान झाली तर आत शिरणं सोपं होतं.

आणि हे विचारताना दुकानदाराच्या अंदाजावर अवलंबून राहू नका, दारात उभं राहून ग्राहकालाच विचारा. ब्रिस्टलमध्ये २००६ साली दुकानदारांना वाटत होतं की ४१ टक्के ग्राहक मोटारीने येतात, ग्राहकांना विचारल्यावर निघाले २२. ऑस्ट्रियातल्या ग्राझमध्ये १९९१ साली अंदाज ५८ टक्के आणि प्रत्यक्ष ३२. यात लबाडी नाही. मोटारवाला पार्किंगवरून भांडतो म्हणून लक्षात राहतो, चालत येणारा गुपचूप घेऊन जातो.

पायवाट

चालणाऱ्यांचा विषय निघालाच आहे तर दोन गोष्टी.

सलग दुभाजक म्हणजे पायी माणसाला भिंत, असं व्हायला नको. तो किमान २ मीटर रुंद असेल आणि मध्ये रस्त्याच्या पातळीला उतरवलेली थांबायची जागा असेल, तर उलट रस्ता ओलांडणं सोपं होतं: एका वेळी दोनच लेन, एकाच दिशेला बघायचं. ७ मीटर ओलांडायला सेकंदाला १.२ मीटरने ६ सेकंद. सगळा रस्ता एका दमात ओलांडायचा तर १६ मीटर, तेरा-चौदा सेकंद, तेवढी फट गर्दीत मिळत नाही. कटाच्या जागी गाडीसाठी बुजवून पायी माणसासाठी ठेवा, दुकानांच्या रांगेला त्याचाच फायदा जास्त. फक्त कठड्यात सरळ भोक न ठेवता वाट तिरकी वळवा, म्हणजे माणसाचं तोंड आपोआप येणाऱ्या गाड्यांकडे होतं आणि दुचाकीलाही घुसता येत नाही. चाकाची खुर्ची वळेल इतकी मात्र ठेवा.

दुसरं, पंपाची तोंडं. फूटपाथ तिथे तुटतो. फूटपाथची पातळी तशीच पुढे न्यावी आणि गाडीने चढून-उतरून जावं. एका दिशेच्या तोंडाला ४ ते ५ मीटर पुरतात, टँकरच्या तोंडाला चाकांचा माग तपासून जास्त. पूर्ण दर्शनी बाजू सपाट सोडली की गाडी कुठूनही येते, आणि पायी माणसाला बघायला एक जागा उरत नाही.

चौकोनी (धागाकर्ता)

धन्यवाद. उजव्या फेजचा हिरवा वाढवण्याचा प्रस्तावात उल्लेख नाही, आत्ता बघितलं. दोन उपप्रश्न:

१. आवर्तन वाढवून १६० केलं तर चौकाची क्षमता वाढेल, मग कट राहू देता येईल, असं एकाने सुचवलंय. बरोबर आहे का?
२. नुसती ‘सं. ५ ते ९ उजवे वळण बंद’ अशी पाटी लावली तर?

पिवळा दिवा

१. उलटं आहे. हिरव्याचं प्रमाण तेच ठेवून आवर्तन १६० केलं तर लाल १०० सेकंद. रांगेचं शेपूट ८७ वरून ११७ मीटरवर जाईल. कट आणखी खोल बुडेल, पंपाची दोन्ही तोंडं जास्त वेळ बंद राहतील. क्षमता वाढते ती फेज बदलताना वाया जाणारा वेळ कमी वेळा जातो म्हणून, आणि तो फायदा एका मर्यादेनंतर नगण्य असतो.

आवर्तन कमी करून बघा. चार फेजना मिळून १६ सेकंद वाया जातात असं धरून ९० सेकंदांचं आवर्तन घेतलं तर सरळ जाणाऱ्यांना सुमारे ३२ सेकंद हिरवा, भार ६७ वरून ७० टक्के होतो, पण रांग सरासरी ६८ मीटरवर थांबते. कटाच्या अलीकडे! सर्वांत कमी विलंबाचं आवर्तन काढायला वेब्स्टरचं १९५८ चं सूत्र वापरा: वाया जाणाऱ्या वेळाची दीडपट, अधिक ५, भागिले (१ वजा सगळ्या फेजच्या निर्णायक प्रवाहांच्या गुणोत्तरांची बेरीज; गुणोत्तर म्हणजे त्या फेजमधल्या सर्वांत भरलेल्या लेनचा प्रवाह भागिले तिचा संपृक्त प्रवाह). बेरीज ०.६५ असेल तर २९ भागिले ०.३५, म्हणजे ८३ सेकंद. १२० कुणीतरी गोल आकडा म्हणून ठेवलेला असतो. कमी करताना एकच अट: पायी माणसांचा किमान वेळ. १६ मीटर ओलांडायला १४ सेकंद आणि निघायला ६-७, म्हणजे आडव्या रस्त्याच्या फेजला २० सेकंदांखाली जाता येणार नाही.

वाईट आवर्तनांत ९० मध्येही रांग कटावर जाईलच, म्हणजे हा पूर्ण उपाय नव्हे. पण यात एक दगडही हलवावा लागत नाही, म्हणून सगळ्यात आधी हे करा आणि मग पुन्हा मोजा.

२. नुसती पाटी चालत नाही. वळायला जागा दिसते तोवर लोक वळतात. सोबत कोणी उभं असेल तेवढा वेळ पाळतात. वेळेची बंदी घालायचीच तर कटात वर-खाली होणारे किंवा कुलपाचे बोलार्ड (वाट अडवणारे बुटके खांब) लागतात, आणि ते रोज लावायची जबाबदारी नावानिशी कोणावर तरी टाकावी लागते. ती टाकली नाही की महिन्याभरात बोलार्ड कोपऱ्यात पडलेले असतात.

लेनबदल

सगळे कटावर बोलताहेत, ३५ मीटरवरचं पंपाचं तोंड राहूनच गेलं. ‘डावीकडे आत, डावीकडे बाहेर’ म्हणजे निरुपद्रवी असं नाही. तिथून बाहेर पडलेल्या आणि चौकात उजवीकडे जाऊ बघणाऱ्या गाडीला ३५ मीटरांत दोन सरळ लेन कापून उजव्या लेनमध्ये शिरायचं असतं, तेही उभ्या रांगेतून. ती आडवी उभी राहते आणि दोन्ही लेन अडवते. मोजणी करताना कटातल्या ६० गाड्यांबरोबर या तोंडातून निघून आडव्या होणाऱ्या गाड्याही मोजा, त्यांचा आकडा बऱ्याचदा जास्त निघतो आणि खापर कटावर फुटतं.

उपाय: ६५ मीटरवरचं तोंड आत यायला आणि बाहेर पडायला, ३५ चं बंद. पंप कोपऱ्यावर असेल तर आडव्या रस्त्याला एक तोंड द्या, चौकापासून जितकं लांब जमेल तितकं. उजवीकडे जाणारा तिकडून निघेल. पंपमालकाला दर्शनी बाजू झाकली जाण्याची भीती असते, म्हणून तोंड बंद करताना कठडा बुटका ठेवा, फलक आणि दरपत्रक लांबून दिसलं पाहिजे. आत शिरल्यावर पहिल्या पंपाआधी दोन-तीन गाड्यांची, १५ ते २० मीटरची मोकळी वाट हवी. ती नसेल तर इंधनाची रांग लेनमध्ये येते आणि मग दुभाजक कसाही बांधा, डावी लेन गेलीच. टँकर कुठून येतो, कुठे उभा राहतो, मागे न घेता बाहेर पडतो का, हे नकाशावर चाकांचा माग काढून बघितल्याशिवाय कुठलंही तोंड अरुंद करू नका.

मधला मार्ग विचारलात म्हणून: कट बुजवू नका, सरकवा. १४० मीटरवर, म्हणजे वाईट दिवसाच्या रांगेच्याही पलीकडे. आणि तो पूर्ण न ठेवता फक्त मुख्य रस्त्यावरून आत वळणाऱ्यांसाठी ठेवा. बाहेर पडणाऱ्यांना डावीकडेच. आत वळणाऱ्यांना दुभाजकात पॉकेट (वळण्याआधी थांबायची छोटी लेन) द्या: चौकातून येणाऱ्यांचे आवर्तनामागे एक-दीडच, पण एखाद्या वेळी ४ साचतात, म्हणून ४ × ७ म्हणजे २८ मीटर उभं राहायला आणि १५-२० मीटर तिरका शिरकाव. दुसऱ्या दिशेलाही तसंच. पॉकेटला ३ मीटर रुंदी लागते. दुभाजक सव्वा मीटरचाच असेल तर ती रुंदी कडेच्या पार्किंगमधून येते, आणि तिथे दुकानदारांना खरा सौदा करावा लागतो: दारातल्या पाच-सहा गाड्या की पलीकडून येणारा ग्राहक. माझं मत विचाराल तर पार्किंग सोडावं. दारातल्या जागेत बऱ्याचदा दुकानदाराचीच गाडी दिवसभर उभी असते.

यू-टर्नबद्दलही: साध्या मोटारीला वळायला ११-१२ मीटर व्यासाची जागा लागते. आतल्या लेनमधून निघून पलीकडच्या दोन लेन आणि अरुंद दुभाजक धरला तर तेवढी जागा होत नाही. मग गाडी एकदा मागे घ्यावी लागते आणि २०० मीटरवर नवी कोंडी तयार. बाहेरच्या बाजूला रस्ता फुगवून डांबरी पोट काढावं लागतं, आणि त्या पोटात कोणी गाडी लावणार नाही हेही बघावं लागतं. मोठ्या ट्रकला तरीही जमणार नाही, माल उतरवणाऱ्या गाड्यांचा रस्ता वेगळा ठरवा. आणि यू-टर्न लांब असला की दुचाकी उलट्या दिशेने कडेकडेने येतात. कागदावर नसलेला हा प्रवाह मोजणीत घ्या.

गल्लाबोळ

१४० मीटरच्या कल्पनेला दुजोरा. दुकानांच्या मागच्या बाजूने किंवा आवारांमधून एकमेकांत जायची वाट निघत असेल तर तीही बघा. रांगेतल्या आठ दुकानांची आठ तोंडं असण्यापेक्षा दोन सामाईक तोंडं आणि आतून जोड असेल तर रस्त्यावर न येताच ग्राहक एका दुकानातून दुसऱ्यात जातो. यात अडतं ते कागदावर: कोणाच्या जागेतून कोण जाणार, दुरुस्ती कोण करणार. लेखी करार नसेल तर पहिलं भांडण झालं की साखळी लागते.

परिणाम मोजण्याबद्दल: विक्रीचे आकडे कोणी देत नाही, मागूही नका. तासागणिक किती बिलं फाडली एवढंच मागा, आणि तेही पहिल्या पंधरवड्याला १०० धरून त्या प्रमाणात. सोबत त्याच रस्त्यावर जरा लांबची, कटाशी संबंध नसलेली तशीच चार-पाच दुकानं घ्या. सणासुदीत किंवा पावसात सगळ्यांचाच धंदा हलतो, तुलना नसेल तर ते सगळं दुभाजकाच्या माथी जातं. आणि कामाच्या काळातलं नुकसान वेगळं मोजा. खोदलेला रस्ता, धूळ, अडथळे यांनी होणारी घट आणि कायमचा बदल यांची सरमिसळ झाली की पुढे कोणाचंच म्हणणं सिद्ध होत नाही. काम दोन टप्प्यांत आणि एक तोंड कायम उघडं ठेवून करा.

लेनबदल

चाचणी घेणार असाल तर शंकू वापरू नका, दुसऱ्या दिवशी सरकलेले असतात. पाणी भरायचे प्लास्टिकचे अडथळे एकमेकांत अडकवून लावा आणि खरोखर पाणी भरा. ते भरायचं राहतं आणि मग वाऱ्यानेच लेनमध्ये येतात. मोटारचालकाच्या डोळ्यांची उंची सुमारे १.०८ मीटर धरतात. वळायच्या जागेच्या आधीचे अडथळे त्याहून बरेच बुटके हवेत, नाहीतर वळणाऱ्याला येणारी दुचाकी दिसतच नाही. दोन्ही टोकांना परावर्तक पट्ट्या आणि रात्री दिवा.

सहा ते आठ आठवडे ठेवा, पहिले दोन आठवडे हिशोबात धरू नका, लोक जुन्या सवयीने येत असतात. आधी आणि नंतर त्याच वारी, त्याच वेळी, १५-१५ मिनिटांच्या खणांत प्रत्येक वळण मोजा. रांग दर आवर्तनाला दोनदा: लाल संपताना आणि शेपूट सर्वांत मागे असताना. आडव्या रस्त्याला हिरवा असूनही चौक अडलेला असे सेकंद वेगळे लिहा, हा आकडा कोणी घेत नाही आणि तुमच्या प्रकरणात तोच सगळ्यात बोलका ठरेल. अपघातांसाठी आठ आठवडे पुरत नाहीत, मागची किमान तीन वर्षं घ्या. एखादं वर्ष वाईट गेलं म्हणून लगेच काहीतरी बांधलं तर पुढच्या वर्षी आकडा तसाही उतरतो.

क्रम: आधी आवर्तन ९०, दोन आठवडे मोजणी. मग ३५ मीटरचं तोंड बंद. मग १४० वर तात्पुरता कट उघडून ७० चा बंद, दोन्ही एकाच रात्री. एकाच वेळी सगळं बदललं तर कशाने काय झालं ते कळणार नाही.

चौकोनी (धागाकर्ता)

पंपाच्या मागच्या भिंतीपलीकडे आडव्या रस्त्याला लागून मोकळी पट्टी आहे, चौकापासून साधारण ५५ मीटरवर. तिथे तोंड निघू शकेल असं नकाशावरून दिसतंय. आडव्या रस्त्याची रांग मोजलेली नाही.

पिवळा दिवा

मोजा. लाल जास्त असल्याने आडव्या रस्त्याची रांग गाड्यांच्या मानाने लांब असते. ती ५५ मीटरच्या पुढे जात असेल तर ते तोंड फक्त आत येण्यासाठी ठेवा आणि बाहेर पडणं ६५ मीटरवरच राहू दे.